आंदोलनावर पोस्ट टाकल्यात, आता स्टॅम्पिंग आहे. डिलीट करू का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे लॉस एंजेलिसजवळ राहतात. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर शिकायला आले, ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर काम करायची मुदत झाली, ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत बसूनच एच-१बी या नोकरीच्या स्टेटसवर गेले. जून २०२५ मध्ये इमिग्रेशनच्या धाडींवरून डाउनटाउन पेटलं, नॅशनल गार्ड उतरले, तेव्हा त्यांनी इन्स्टाग्रामवर स्टोऱ्या टाकल्या, फेसबुकवर मराठीत दोन लांबलचक पोस्ट लिहिल्या आणि रेडिटवर टोपणनावाने बरंच काही. पुढच्या हिवाळ्यात पुण्यात भावाचं लग्न आहे, त्याच फेरीत मुंबईला एच-१बीचं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का. आई म्हणते, सगळी अकाउंटं बंद कर. बायको म्हणते, अमेरिकेत बोलायला बंदी नाही, उगाच घाबरू नकोस. वर पुण्यातलं एक दैनिक तिथल्या वातावरणावर लेख मागतंय. काय करावं?

बायकोचं म्हणणं बरोबर आहे आणि आईची भीतीही खोटी नाही. दोघी वेगवेगळ्या दारांबद्दल बोलतायत, इतकंच. तुमच्या एकाच पोस्टचे तीन वाचक आहेत: अमेरिकेतली सरकारी यंत्रणा, मुंबईच्या कॉन्सुलेटमधला व्हिसा ऑफिसर आणि विमानतळावरचा सीबीपीचा, म्हणजे सीमा तपासणी खात्याचा माणूस. वाक्य तेच, पण प्रत्येकाच्या हातातला अधिकार वेगळा. म्हणून "लिहू की नको" याचं उत्तर तुमच्या प्रवासाच्या कॅलेंडरकडे बघितल्याशिवाय देता येत नाही. ज्याला पुढची दोन वर्षं देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही त्याचा हिशेब वेगळा, ज्याला डिसेंबरात बीकेसीतल्या कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर उभं राहायचंय त्याचा वेगळा.

आधी एक खुलासा. खाली लिहिलंय ते २०२५ अखेरपर्यंतचे नियम धरून. या विषयात दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी बदलतं, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या महिनाभर आधी कॉन्सुलेटच्या सूचना पुन्हा वाचायच्याच. आणि तुमच्या नावावर कुठेही पोलीस केस, अटक, अगदी रद्द झालेली का असेना, असेल तर इथलं वाचून थांबू नका, इमिग्रेशन वकिलाला फाइल दाखवा. एप्रिल २०२५ मध्ये सेव्हिसमधून, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतून, हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी एका झटक्यात बंद झाल्या, त्या लिखाणामुळे नव्हे. पोलिसांच्या डेटाबेसमध्ये नाव सापडलं, मग गुन्हा कितीही किरकोळ असो. बऱ्याच जणांच्या केस केव्हाच निकाली निघाल्या होत्या. कोर्टात धावपळ झाल्यावर महिनाअखेरीस त्या नोंदी पूर्ववत करायची वेळ सरकारवर आली. तेव्हा आंदोलनात उभं राहून पोलिसांनी हातात ठेवलेला कागद हा पोस्टपेक्षा मोठा धोका असतो. घोळक्यात अडकून पकडले गेलात आणि नंतर काहीच आरोप लागला नाही, तरी बोटांचे ठसे सिस्टीममध्ये राहतात.

आता पहिलं दार, म्हणजे अमेरिकेच्या आत. इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे. हॅरी ब्रिजेस नावाचे ऑस्ट्रेलियात जन्मलेले गोदी कामगारांचे नेते होते, त्यांना देशाबाहेर काढायचा सरकारचा आदेश १९४५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि त्याच निकालात हे तत्त्व सांगितलं. ३० सप्टेंबर २०२५ ला बॉस्टनच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश विल्यम यंग यांनीही तेच सांगितलं: राजकीय मतांवरून परदेशी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना लक्ष्य करणं घटनाबाह्य आहे. कायद्याच्या पुस्तकात तुमची बायको जिंकली.

अडचण अशी की निकाल यायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस कुठे असतो हे महत्त्वाचं. टफ्ट्स विद्यापीठातल्या रुमेसा ओझतुर्क यांनी मार्च २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात इतर तिघांबरोबर एक लेख लिहिला. वर्षभराने, २५ मार्च २०२५ ला, त्यांना रस्त्यावरून उचललं. व्हिसा आधीच रद्द केलेला होता, पण त्यांना कळवलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधून लुइझियानाच्या डिटेन्शन सेंटरला रवानगी, आणि सुटका ९ मे रोजी. कोर्टाने सोडलं, हे खरं. सहा आठवडे आत काढले, हेही खरं.

आणखी एक जुनं प्रकरण माहीत असावं, कारण ते तुमच्याच शहरातलं आहे. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सात पॅलेस्टिनी आणि एक केनियन अशा आठ जणांना धरलं. त्यांचं म्हणणं होतं की व्हिसाचे नियम मोडल्याचं निमित्त करून खरं तर आम्हाला राजकीय मतांसाठी हाकललं जातंय. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याचं स्टेटसच मोडलेलं आहे त्याला "मलाच का निवडलं" असा बचाव साधारणपणे घेता येत नाही. मराठीत सांगायचं तर पोस्टसाठी तुम्हाला काढता येत नसेल, पण पोस्टमुळे तुमची फाइल उघडली गेली आणि आत दुसरं काही कच्चं सापडलं, तर त्या कच्च्या गोष्टीसाठी काढता येतं.

म्हणून लिहिणाऱ्या माणसाने आधी स्टेटस धुऊन-पुसून ठेवायचं. घर बदललं की दहा दिवसांत पत्ता कळवायचा एआर-११ फॉर्म भरलाय का? कंपनीने काम दुसऱ्या महानगर विभागातल्या क्लायंटकडे हलवलं असेल तर सुधारित एच-१बी पिटिशन गेली का? ओपीटीत नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार तर नव्हता? पे-स्लिपवरचा पगार एलसीएमध्ये, म्हणजे कंपनीने कामगार खात्याला दिलेल्या अर्जात, दाखवलेल्या पगाराशी जुळतो का? पत्ता कळवायचा राहिला म्हणून एरवी कोणी विचारायलाही येत नाही. फाइल कुणी मुद्दाम उघडली की हेच सगळं टेबलावर येतं.

सरकार सगळ्यांच्या पोस्ट वाचत बसत नाही. कुणीतरी बोट दाखवतं, मग फाइल उघडते. बॉस्टनच्या त्याच खटल्यात एका सरकारी अधिकाऱ्याच्या साक्षीतून बाहेर आलं की तपासायला घेतलेल्या पाच हजारांवर नावांपैकी बहुतेक कॅनरी मिशन या खासगी वेबसाइटवरून आली होती. ते सगळं पॅलेस्टाइनच्या आंदोलनासंबंधी होतं, पण पद्धत कुठल्याही विषयाला लागू पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची हत्या झाली, तेव्हा लोकांनी एकमेकांच्या कमेंटचे स्क्रीनशॉट गोळा करून वर पाठवले, आणि १४ ऑक्टोबरला परराष्ट्र खात्याने सहा परदेशी लोकांचे व्हिसा त्या मृत्यूबद्दलच्या शेऱ्यांवरून रद्द केल्याचं जाहीर केलं. तेव्हा तुमचे फॉलोअर तीनशे आहेत की तीन लाख, यापेक्षा त्यातला कोण तुमच्यावर खार खाऊन आहे हे बघा. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन कितीही पक्कं असो, मंडळाच्या दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये टाकलेला मजकूर खासगी नसतो.

दुसरं दार कॉन्सुलेटचं. इथे हिशेब उलटा होतो. व्हिसा नाकारला तर त्यावर अमेरिकन कोर्ट सहसा हात घालत नाही. १९७२ पासून २०२४ पर्यंत सुप्रीम कोर्टाने हीच भूमिका ठेवली आहे. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबाचा एच-४ त्यात आले. म्हणजे तुमच्या बायकोचं अकाउंटही. ऑफिसरना दिलेल्या सूचनेत अमेरिकेचे नागरिक, संस्कृती, सरकार, संस्था किंवा मूलतत्त्वं यांच्याबद्दलचा शत्रुत्वभाव शोधा असं म्हटलंय. "सरकारबद्दल शत्रुत्व" आणि "सरकारच्या धोरणावर टीका" यांच्यातली रेघ कुठे ओढायची हे त्या खिडकीमागचा माणूस ठरवणार. तो दिवस, त्याचा मूड, रांगेची लांबी, सगळं त्यात आलं. यावर मी कुणालाही शंभर टक्के खात्री देत नाही, आणि जो देतो त्याला फी देऊ नका.

डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियाची हँडलं मागतात. २०१९ पासून हा प्रश्न आहे. यादीत फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्विटर, लिंक्डइन, यूट्यूब आहेतच, आणि रेडिटही आहे. पासवर्ड मागत नाहीत. प्रश्न "वापरलेली" हँडलं असा आहे, "चालू असलेली" असा नाही. गेल्या वर्षी बंद केलेलं अकाउंट पाच वर्षांच्या आत बसत असेल तर लिहायचं. टोपणनावाचं रेडिट अकाउंट लिहायचं. दोन असतील तर "ॲड अनदर" दाबून दोन्ही.

इथे बहुतेक जण चुकतात. "रेडिटवर माझं नाव नाही, त्यांना काय कळणार" म्हणून ते हँडल गाळतात. उघड पोस्टमुळे फार तर एक व्हिसा जातो, तोही गेलाच तर. पण फॉर्मवर महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपवली असं ऑफिसरने नोंदवलं, तर २१२(ए)(६)(सी) हे फसवणुकीचं कलम लागतं, आणि ती आयुष्यभराची अपात्रता आहे. पुढे ग्रीन कार्डच्या वेळीही ती आडवी येते. सूट मिळवायला वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळी वर्षं. रेडिटवरच्या चार कमेंट वाचवायला हा सौदा कुणी करू नये. आणि फॉर्म पुण्यातल्या एजंटने भरला तरी शेवटची सही तुमची असते. "एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही. सबमिट करण्याआधी सोशल मीडियाचं पान स्वतः वाचा, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. फॉर्ममधला ईमेलही तुमचाच हवा. व्हिसा रद्द झाल्याची सूचना त्याच पत्त्यावर येते. तो एजंटचा असला तर ती त्याच्या स्पॅममध्ये पडून राहील आणि तुम्ही इकडे निवांत विमानाचं तिकीट काढाल.

मग डिलीट करायचं की नाही? आईचा सल्ला "सगळं बंद" हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. पाच वर्षं चालू असलेलं इन्स्टा मुलाखतीच्या आधी दोन आठवडे अचानक गायब, हे स्वतःच एक विधान होतं. शिवाय ऑफिसरना दिसेल ते जतन करायला सांगितलेलं आहे, आणि स्टोरीचे स्क्रीनशॉट कुणाकडे आहेत ते तुम्हाला माहीत नाही.

आधी सगळ्या अकाउंटचा डेटा डाउनलोड करून ठेवा. इन्स्टा, फेसबुक आणि रेडिट तिघांतही ती सोय आहे. फाइल तयार व्हायला कधी तासभर लागतो, कधी काही दिवस, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. मग जूनमधल्या पोस्ट एकेक करून वाचा, परक्या माणसाच्या नजरेने, आणि त्यांचे तीन ढीग करा.

मत म्हणून लिहिलेलं, म्हणजे "ही कारवाई चुकीची आहे", "नॅशनल गार्ड आणायला नको होते", हे राहू द्या. लाखो अमेरिकन नागरिकांनी हेच लिहिलंय, आणि विचारलं तर सरळ सांगता येतं. बातमी म्हणून पुढे ढकललेलं मात्र तपासा. त्या आठवड्यात २०२० च्या दंगलीतली पोलिसांची पेटलेली गाडी "आत्ताची" म्हणून फिरत होती. आंदोलकांसाठी आणून ठेवलेल्या विटांच्या ढिगाचा फोटो निघाला मलेशियातल्या बांधकाम साहित्याच्या दुकानाचा. असलं काही तुम्ही शेअर केलं असेल तर ते खोटं म्हणून काढायला काहीच हरकत नाही. "माहिती चुकीची निघाली, म्हणून काढली" हे कुठल्याही खिडकीवर सांगता येतं.

राहिलेला तिसरा ढीग जड असतो. हिंसेचं समर्थन, कुणाला मारहाण झाली त्याचा आनंद, इमिग्रेशन एजंटची नावं, फोटो किंवा ते आत्ता कुठे आहेत याचा ठावठिकाणा, सरकारने दहशतवादी ठरवलेल्या संघटनेचं कौतुक. शेवटची गोष्ट तर कायद्यातच वेगळी लिहिलेली आहे: दहशतवादी कृत्याला पाठिंबा देणं हे स्वतःच अपात्रतेचं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने "अँटिफा"ला देशांतर्गत दहशतवादी संघटना म्हटलंय. एरवी टीशर्टवर दिसणारा तो शब्द आता एच-१बीवाल्याच्या प्रोफाइलवर नको. या ढिगातलं काही असेल तर ते स्वतःच्या हाताने काढण्याआधी वकिलाशी बोला. आणि तुम्हाला कुठलीही नोटीस, समन्स किंवा चौकशीचा ईमेल आलेला असेल तर एकाही पोस्टला हात लावू नका. तिथे डिलीट करणं म्हणजे पुरावा नष्ट करणं होऊ शकतं.

मराठीत लिहिलंय म्हणून सुटलो असं समजू नका. उलट मराठीतलंच जास्त अंगाशी येतं, कारण ते मशीनने भाषांतर करून वाचलं जाऊ शकतं. "चला, आज डाउनटाउनला राडा करायला" हे आपल्यात गणपतीच्या मिरवणुकीला जाणाराही म्हणतो. यंत्राला त्यात दंगल दिसते. "या लोकांना बडवून काढलं पाहिजे", "आग लावली यांनी", "यांचा मुडदा बशिवला", "वाट लावून टाकू": आपल्या कानाला ही रोजची चिडचिड आहे, स्क्रीनवर ती मारायची, जाळायची, मुडदे पाडायची भाषा होऊन येते. पुलंच्या शैलीतला उपरोध तर ठारच होतो. "वा, काय सुंदर शिस्त लावली पोलिसांनी" याचं भाषांतर तुमच्या सोयीने पोलिसांची स्तुती म्हणून येईल, आणि शेजारची ओळ नेमकी उलटी. तुमच्या त्या दोन लांब पोस्ट भाषांतराच्या ॲपमध्ये टाका, आलेलं इंग्रजी अनोळखी माणसाचं आहे असं समजून वाचा. जिथे दचकाल तिथे मूळ पोस्ट न उडवता खाली एक ओळ लिहा: हा शब्दप्रयोग आहे, हिंसेला माझा विरोध आहे. तारखेसह राहिलेली अशी ओळ डिलीटपेक्षा उपयोगी पडते.

अकाउंट "सार्वजनिक" करणं दिसतं तितकं सरळ नाही. इन्स्टाला एक बटण आहे, ते झालं. फेसबुकवर आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी प्रोफाइल लॉक केलेलं असतं, ते उघडायला लागतं, आणि जुन्या प्रत्येक पोस्टचा प्रेक्षकवर्ग वेगळा असू शकतो. रेडिटवर प्रोफाइलमधला इतिहास लपवायची सोय २०२५ पासून आहे, ती बंद करा. हे सगळं अर्ज भरण्याआधी करा आणि व्हिसा हातात पडेपर्यंत तसंच ठेवा. मुलांचे फोटो, घराचा पत्ता, फोन नंबर त्याआधी काढून घ्या. खासगी माहिती काढणं वेगळं, मतं झाकणं वेगळं. पहिल्याबद्दल कुणी बोट उगारत नाही.

प्रवासाच्या तारखांबद्दल. पासपोर्टवरचा एफ-१ चा व्हिसा अजून दोन-तीन वर्षं चालू दिसतो, म्हणून त्यावर परत येता येईल असं काहींना वाटतं. येत नाही, तुम्ही आता एच-१बी आहात आणि त्याचाच शिक्का लागतो. मेक्सिको-कॅनडातून स्टॅम्पिंग करून येण्याची जुनी युक्तीही सप्टेंबर २०२५ नंतर जवळपास बंद, कारण अर्ज आपल्या देशातून किंवा कायम राहता त्या देशातून करा असं सांगितलंय. ड्रॉपबॉक्सचंही, म्हणजे मुलाखतीशिवाय कागद जमा करायच्या सोयीचंही, तसंच, मुलाखत होणारच. डिसेंबर २०२५ मध्ये भारतातल्या असंख्य अपॉइंटमेंट एका रात्रीत मार्च २०२६ आणि त्याही पुढे ढकलल्या गेल्या, लोक लग्नाला म्हणून आले आणि पुण्या-नाशिकला अडकून पडले. त्यावर निर्णय थांबवणारी २२१(जी)ची स्लिप हातात पडली तर किती आठवडे हे कुणी सांगत नाही. निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या की अडकलात तर भारतातून किती दिवस काम करू देतील. घरभाडं, गाडीचा हप्ता, बायकोच्या व्हिसाची तारीख, सगळं तीन महिने धरून आखा. हे जमणार नसेल तर लग्न व्हिडिओवर बघायचं की नाही हा निर्णय तुमचा, पण तो तिकीट काढण्याआधी घ्या.

तिसरं दार विमानतळाचं. सीबीपीला फोन बघायला वॉरंट लागत नाही. साधी तपासणी म्हणजे अधिकारी हाताने चाळतो. यंत्राला जोडून सगळं उतरवून घ्यायला संशयाला काही आधार आणि वरिष्ठाची परवानगी लागते. त्यांच्याच नियमानुसार फोनवर साठवलेलंच बघायचं, क्लाउडमधलं नाही, म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकतात. प्रमाण फार कमी आहे: २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४७ हजार तपासण्या, म्हणजे एकूण प्रवाशांच्या सुमारे ०.०१ टक्के. पासवर्ड द्यायला नकार दिला तर नागरिकाला आत घ्यावंच लागतं, व्हिसाधारकाला परत पाठवता येतं. तेव्हा द्यायचा की नाही हे रांगेत उभं राहून ठरवू नका. फोन ठेवून घेतला तर ६०५१-डी नावाची पावती मागा.

व्हॉट्सॲपचे ग्रुप इथे सापडतात, हे लक्षात असू द्या. तुम्ही काहीही लिहिलेलं नसलं तरी ग्रुपमध्ये कुणीतरी टाकलेला व्हिडिओ आपोआप तुमच्या गॅलरीत उतरलेला असतो. मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. हे वर्षभर बंद ठेवायचं सेटिंग आहे, विमानात बसताना करायचं नव्हे. अबूधाबीमार्गे येत असाल तर अमेरिकेची तपासणी तिथेच होते. तिथे अडवलं तर विमानात चढू देत नाहीत, म्हणजे अमेरिकेत उतरून मग परत पाठवलं जाण्यापेक्षा कागदावर ते हलकं. लॉस एंजेलिसला उतरल्यावर अडवलं आणि प्रवेशाचा अर्ज मागे घेण्याचा पर्याय दिला, तर व्हिसा जातो पण बंदी लागत नाही. एक्स्पेडायटेड रिमूव्हलची, म्हणजे सुनावणीशिवाय परत पाठवण्याची, ऑर्डर निघाली तर पाच वर्षं बंदी. दोन्ही वेळा सहीसाठी कागद पुढे येतो आणि थकलेला माणूस न वाचता सही करतो. वाचा. समजलं नाही तर दुभाषा मागा, मराठीचा मागितला तरी चालतो.

आता त्या दैनिकाच्या लेखाकडे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथे वाटते, आणि मजकुरामुळे नाही. लेखाचं मानधन. एच-१बीवर तुम्ही फक्त स्पॉन्सर कंपनीचं काम करू शकता. अमेरिकेत बसून लिहिलेल्या लेखाचे दोन हजार रुपये आईच्या खात्यात जमा झाले तरी ते अनधिकृत काम ठरू शकतं. हेच यूट्यूबचं. "अमेरिकेत काय चाललंय" असे मराठी व्लॉग टाकून त्यावर जाहिराती चालू करणारे आंदोलनाच्या दिवसांत भराभर वाढले. व्हिडिओत काय बोललात यावरून वाद घालता येईल. जाहिरातीचे पैसे बँकेत आले यावर वाद नसतो. लॉस एंजेलिसच्या त्या आठ जणांच्या निकालाचा अर्थ इथे कळतो. लेख द्यायचा तर मानधन नाकारून द्या, आणि तो नकार ईमेलवर लेखी ठेवा. संपादकाला सांगा की शीर्षक छापण्याआधी मला दाखवा. "अमेरिकेत यादवी" असं ठळक शीर्षक डेस्कवर कुणीतरी लावतं, नाव मात्र तुमचं असतं.

नोकरीचंही यात येतं. भाषणस्वातंत्र्य सरकारपासून वाचवतं, मालकापासून नाही. कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याच्या राजकीय हालचालींना कामगार कायद्याच्या ११०१ आणि ११०२ कलमांचं काही संरक्षण आहे. बऱ्याच राज्यांत तेवढंही नाही. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त साठ दिवस. पोस्टखाली कंपनीचं नाव, आयडी कार्ड गळ्यात घातलेला फोटो, ऑफिसच्या लॅपटॉपवरून केलेली कमेंट, हे तिन्ही टाळा.

आणि व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल आलाच तर घाईने तिकीट काढू नका. व्हिसा हे दारावरचं तिकीट, स्टेटस हे आत राहण्याचं. पहिलं गेलं की दुसरं आपोआप जात नाही, पण सरकारला कारवाईचं कारण मिळतं. त्याच दिवशी कंपनीच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाला फोन. एफ-१ वाल्यांनी डीएसओला, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला, विचारून सेव्हिसची नोंद चालू आहे का ते बघावं. घरात एक कागद तयार ठेवा: वकिलाचा नंबर, ईएडी या कामाच्या परवान्याच्या कार्डावरचा यूएससीआयएस नंबर म्हणजेच ए-नंबर, पासपोर्ट आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीची प्रत. आइसच्या, म्हणजे इमिग्रेशन पोलिसांच्या, ताब्यातला माणूस ऑनलाइन शोधायला ए-नंबर आणि जन्माचा देश लागतो, आणि माणूस एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेलेला असू शकतो. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं ताब्यातल्या माणसाने स्वतः सांगावं लागतं. काही देशांच्या बाबतीत अमेरिकेला कळवणं सक्तीचं आहे, त्या यादीत भारत नाही. तो कागद बायकोकडे एक आणि पुण्याला आईकडे एक असू द्या. फोनमध्ये नको, फोन आधी जातो.

तुमच्या बाबतीत, जेवढं लिहिलंय त्यावरून: अकाउंटं चालू ठेवा, रेडिटचं हँडल फॉर्मवर लिहा, विटांचा किंवा गाडीचा फोटो शेअर केला असेल तर काढा, दोन मराठी पोस्ट भाषांतरात वाचून बघा, लेखाचं मानधन नाकारा. रेडिटवर तुम्ही "बरंच काही" लिहिलंय म्हणालात; त्यात एजंटांचे फोटो किंवा ठावठिकाणा असलेलं काही आहे का, तेवढं मात्र इथे न सांगता वकिलाला सांगा.